कीबोर्ड दाद देत नाही तेव्हा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावांच्या टापूत कॉम्प्युटर तीन वाटांनी आला. 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तो प्रशिक्षण केंद्रांत आणला, 2011 पासून ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतींत, आणि 2015 मध्ये राज्यातील पोलीस ठाणी सीसीटीएनएस या गुन्हे-नोंदणीच्या प्रणालीने जोडली गेल्यावर फिर्यादीची नोंदही त्यावरच होऊ लागली. युसूफ वडगावला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. सरकारी असो वा खासगी, ग्रामीण भागातले यंत्र चालते तोवर बदलले जात नाही. त्यामुळे ‘माऊस हलत नाही, कीबोर्ड चालत नाही’ या तक्रारीचे जुने-नवे सगळे प्रकार इथे एकाच वेळी भेटत राहिले.

सर्वांत जुना बिघाड धुळीचा. डग्लस एंगेलबार्टने 1968 मध्ये माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा त्याला खाली दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. पोटाखालची चकती फिरवून गोळी बाहेर काढली की आत काटकोनात बसवलेले दोन रूळ दिसत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांवर धुळीचा काळा पट्टा चढे आणि बाण आडवा सरके, पण वर जाईना. नखाने किंवा काडीने तो पट्टा खरवडला की काम भागे. प्रकाशावर चालणारे माऊस 1999 नंतर पसरले आणि हा उद्योग संपला.

दुसरा बिघाड जोडणीचा, आणि जुन्या यंत्रांत तोच अधिक. 1981 च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड पाच पिनांच्या जाड गोल प्लगाने जोडला जाई. 1987 मध्ये त्याच कंपनीच्या पीएस-टू मालिकेने सहा पिनांचा लहान प्लग आणला. कीबोर्ड आणि माऊस दोन्हींना अगदी सारखाच! अदलाबदल झाली की दोन्ही मुके. म्हणून नव्वदीच्या दशकाअखेर कीबोर्डाला जांभळा आणि माऊसला हिरवा रंग ठरला. घाईत प्लग रेटल्याने पिन वाकणे हा नित्याचा प्रकार; ती बारीक चिमट्याने सरळ करता येते. हा प्लग यंत्र चालू असताना काढायचा-घालायचा नसतो. पुन्हा सुरू केल्याशिवाय बहुधा तो ओळखला जात नाही, आणि क्वचित मदरबोर्डावरचा छोटा फ्यूजही उडतो.

दोष कुठे आहे हे ओळखण्याची खूण मात्र फुकटची आहे. नम लॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर कीबोर्ड आणि यंत्र दोन्ही जिवंत आहेत. यंत्र सुरू होताना दिवे एकदाही लुकलुकले नाहीत तर वायर, पिन किंवा वीज तपासावी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत, कळा चालतात पण विंडोजमध्ये नाहीत, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. कीबोर्ड सापडत नाही म्हणून ‘एफ-1 दाबा’ असे सांगणारा बायोसचा संदेश कित्येकांनी हताशपणे वाचला असेल. दाबायचे कशाने, हे तो सांगत नाही.

1996 मध्ये यूएसबी आली आणि चालू यंत्रात प्लग घालणे बिनधोक झाले. बिघाड मात्र सेटिंगमध्ये शिरला. जुन्या बायोसमध्ये ‘यूएसबी लेगसी सपोर्ट’ बंद असेल तर सुरुवातीला कीबोर्ड मिळत नाही. 2015 नंतरच्या अनेक यंत्रांवर विंडोज 7 बसवताना यूएसबी 3 चा ड्रायव्हर नसल्याने माऊस आणि कीबोर्ड दोन्ही मध्येच गप्प होतात.

मराठी टंकलेखनात शिफ्टचा वापर फार, आणि तिथे एक खोड लपली आहे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोज ‘फिल्टर कीज’ सुरू करायचे का असे विचारते. न वाचता ‘हो’ म्हटले की क्षणभरच दाबलेल्या कळा उमटतच नाहीत. कीबोर्ड मेला म्हणून नवा आणला तरी फरक पडत नाही. ही सोय बंद करणे एवढाच त्यावर उपाय.

गोल पीएस-टू खाच अजूनही काही नव्या मदरबोर्डांवर येते, अर्धी जांभळी, अर्धी हिरवी, आणि दोन्हींपैकी कोणतेही एक साधन तिच्यात चालते.