विद्यार्थ्यांचे छायाचित्रण आणि चित्राखालची ओळ

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पश्चिम हिंदुस्थानात विद्यार्थ्यांना या कलेचे पद्धतशीर शिक्षण देण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. त्यास आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली. घोडेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणारा विद्यार्थीही आज खिशातील मोबाइलने छायाचित्रे काढतो व प्रकल्प म्हणून ती वर्गापुढे मांडतो. साधन पार पालटले. परंतु विद्यार्थ्याच्या छायाचित्राचे मोल कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न त्या वेळी जितका सुटला होता त्याहून फारसा अधिक आजही सुटलेला नाही. चित्राची परीक्षा झाली, चित्राखालच्या ओळीची झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, याचेही उत्तर त्यातच आले.

छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर वाच्यता युरोपात १८३९ साली झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती ऑक्टोबर १८५४ मध्ये, आणि पुढील वर्षी तिचे नियतकालिकही निघू लागले. याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी, प्राचीन वास्तूंची चित्रे हाताने काढवून घेण्यापेक्षा छायाचित्रणाचा अवलंब करावा, अशी सूचना मुंबई सरकारला केली. तीस अनुसरून १८५५ साली कॅप्टन बिग्ज यांची विजापूर वगैरे ठिकाणच्या वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमणूक झाली. एल्फिन्स्टनमधील वर्ग याच वाऱ्यावर उभा राहिला. त्याकडे केवळ हौस म्हणून पाहता येणार नाही. सरकारला नोंदी हव्या होत्या, आणि नोंदी करणारे हात एतद्देशीय असले तर ते स्वस्त पडणार होते.

सोसायटीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी सोसायटीच्या प्रदर्शनात आपली छायाचित्रे मांडली. एल्फिन्स्टनच्या वर्गात क्रॉफर्ड यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत हरिश्चंद्र चिंतामण हे नाव पुढे आले. त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली व व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. आर्यसमाज व थिऑसॉफिस्ट मंडळी यांच्याशी त्यांचे जे संबंध पुढे आले आणि जे वाद झाले, तो निराळा इतिहास आहे.

त्या वर्गात विद्यार्थ्याला काय साधावयाचे होते, हे तत्कालीन प्रक्रियेवरून ध्यानात येते. ओल्या कलोडियनची रीत १८५१ साली प्रसिद्ध झाली होती. तीत काचेवर द्राव ओतून ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि ती वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या खोलीत नेऊन प्रतिमा उमटवावयाची. मुंबईच्या उन्हाळ्यात ही काच किती लवकर वाळत असेल, याची कल्पना करावी. म्हणून दूरच्या प्रवासात मेणकागदाच्या उलट प्रतिमा अनेकांना अधिक सोयीच्या वाटत. एवढी खटपट केल्यावर ज्याच्या काचेवर डाग नाही, कडा धूसर नाहीत, सावल्यांतही तपशील दिसतो, तो विद्यार्थी उत्तम, असे ठरणे स्वाभाविकच होते. रसायनाची परीक्षा कठीण होती, आणि कठीण परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यास आणखी काही विचारण्याचे सुचत नाही.

पण तीच चित्रे पुढे छापील रूपाने मांडली गेली तेव्हा काय झाले? १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन व हेंडरसन यांनी सोसायटीच्या आश्रयाने एक मासिक चित्रसंग्रह चालविला. त्यात मूळ छायाचित्रे चिकटविलेली असून जोडीस छापील मजकूर असे, आणि पश्चिम भारतातील वेष व माणसे हे त्याचे एक मुख्य सदर होते. याच सामग्रीतून जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातिजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. या खंडांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागचे दृश्य दुसऱ्याच ठिकाणचे जोडलेले आहे. कारागिरी म्हणून जोड इतकी सफाईची की सामान्य वाचकास ती दिसूही नये. तथापि माणूस आपल्या जागेवर राहिला नाही, आणि त्याखालच्या ओळीत त्याचे नावही नाही. तेथे आहे ते जातीचे नाव. पुढे १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी ग्रंथात ही पद्धत कळसास पोहोचली. चेहरा एका व्यक्तीचा, आणि त्याखालचा मजकूर संपूर्ण जमातीच्या स्वभावाविषयी, तोही बहुधा अधिकाऱ्याच्या कलमाने!

येथे मराठीच्या एका वाक्प्रयोगाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. मराठीत फोटो ‘काढतात’. चित्रही काढतात, विहिरीचे पाणीही काढतात. आत असलेले बाहेर आणणे असा या क्रियापदाचा मूळ रोख. हिंदीत तोच फोटो ‘खींचतात’. ‘मी फोटो काढला’ या वाक्यात कर्ता छायाचित्रकार असतो. परंतु ‘मी फोटो काढून घेतला’ असे म्हटले की कर्ता बदलतो: ज्याचा फोटो तोच कर्ता होतो, आणि छायाचित्रकार ‘कडून’ या प्रत्ययामागे जाऊन उभा राहतो. चित्रशाळेच्या काळात हीच रचना सर्वसामान्य होती, कारण माणूस ठेवणीतले कपडे घालून, पैसे मोजून, स्वतः जाऊन बसत असे. जमातींच्या चित्रसंग्रहांतील माणसाला मात्र या दोहोंपैकी कोणत्याच वाक्यात कर्त्याची जागा नाही. त्याचा फोटो ‘काढला गेला’. छापील मराठीत छायाचित्रकाराचे नाव देताना ‘छाया’ असे लिहून पुढे नाव देण्याचा प्रघात आहे. ज्याची छाया पडली त्याचे नाव देण्याचा प्रघात मात्र तितका पक्का झालेला नाही.

विद्यार्थ्यांच्या कामाचे मूल्यमापन व प्रदर्शन यांचा दुसरा मोठा दाखला छायाचित्रणाचा नसून त्याच्या शेजारचा आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक विद्यार्थी. या प्रतींची पारख करण्यास मूळ भिंत समोर होती. चूक कोठे झाली हे त्याच जागी दाखविता येत होते. अशी कसोटी विद्यार्थ्याला क्वचितच लाभते. पण प्रती मांडल्या गेल्या लंडनमध्ये, आणि तेथेच १८८५ सालच्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. ज्या विद्यार्थ्यांनी अंधाऱ्या लेण्यांत हंगामामागून हंगाम घालविले, त्यांच्या गावच्या लोकांना ते काम पाहावयास मिळाले नाही. याचा खेद वाटतो.

बडोद्यास १८९० साली निघालेल्या कलाभवनाचा उल्लेख न करणे अन्याय होईल. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने चाललेल्या या संस्थेत धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रण शिकले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखविला. त्याचा तपशील सर्वश्रुत आहे.

आता जुन्नर-आंबेगावकडे वळू. चित्राखालची ओळ कशी असावी याचा सर्वांत जुना नमुना या भागात दगडावरच कोरलेला आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेण्यांतून जे ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहेत, त्यांचे वाचन बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केले. हे लेख बहुतांशी दानलेख आहेत. दात्याचे नाव काय, तो कोठला, त्याने काय दिले, एवढेच ते सांगतात. इरिल नावाच्या एका यवनाने दोन ‘पोढी’ म्हणजे पाण्याची टाकी दिल्याची नोंद त्यांत आहे. दोन शब्दांत माणूस, एका शब्दात त्याचे लोक, एका शब्दात वस्तू. त्या वस्तूला त्या काळच्या लोकांचाच शब्द आहे. टाकी आज कोणीही पाहील आणि तिचा फोटोही काढील. पण लेख नसता तर त्या टाक्यांपाशी कोणी परदेशी दाता उभा होता, हे कोणत्याही कॅमेऱ्यास कळले नसते.

लेण्याद्रीची सुमारे तीस लेणी एका रांगेत दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य कलता असताना ऊन आत अधिक खोल जाते. तेथील चैत्यगृहाचे ओसरीतील स्तंभ आणि आतला स्तूप एकाच चित्रात नीट उतरविणे हा विद्यार्थ्यासाठी उत्तम पाठ आहे, कारण स्तंभ उजळले तर स्तूप काळवंडतो. दानलेखाचे चित्र घ्यावयाचे तर ऊन समोरून नको, तिरपे हवे. अक्षराच्या खाचेत सावली पडली तरच अक्षर वाचता येते. एल्फिन्स्टनच्या वर्गातील कौशल्याचा हा वारसा आहे व तो टाकण्याचे कारण नाही. मोबाइल पुष्कळसे काम आपोआप करतो म्हणून विद्यार्थ्याने उन्हाची वाट पाहणे सोडून द्यावे, हे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

पण घोडेगावच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगररांगांकडे, खरी कसोटी लागते. हा महादेव कोळी समाजाचा मुलूख आहे. मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने १८३६ च्या सुमारास या समाजाचे विस्तृत वर्णन लिहिले, त्या वेळी छायाचित्रण अवतरलेलेही नव्हते. आज चित्रांचा तुटवडा नाही, वर्णनाचा आहे. उतारावर माणसे ओळीने वाकून दगडमातीचे बांध घालीत आहेत, असे चित्र विद्यार्थी आणतो व खाली लिहितो: ‘शेतात काम करणारे आदिवासी.’ ही ओळ १८६८ च्या ग्रंथातील ओळीहून फारशी वेगळी नाही. त्या कामाला तेथे ‘पडकई’ म्हणतात. डोंगर उतारावर भातखाचरे तयार करण्याचे, एकमेकांच्या शेतावर सर्वांनी मिळून जाऊन करावयाचे हे काम आहे. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या. ‘पडकई’ हा शब्द ओळीत आला की चित्रातील माणसांचे परस्परसंबंध दिसू लागतात; तो न आला तर दिसते ती केवळ मजुरी. राब भाजण्याच्या चित्राखाली ‘शेतात लावलेली आग’ असे लिहिणाऱ्याने आगीचे उद्दिष्टच पुसून टाकले, असे म्हणावे लागेल. राब, आवणी, खाचर, इरले हे शब्द विद्यार्थ्याच्या घरातील असतात. प्रकल्पाच्या वहीत येताना तो ते उंबऱ्याबाहेर ठेवून येतो, कारण ते अशुद्ध समजले जातील अशी त्याची भीती असते. ही भीती शिक्षकांनी घातलेली आहे.

ओळीचा प्रश्न या तालुक्यात निव्वळ पांडित्याचा नाही. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. नाव तेवढे बुडालेल्या गावाचे. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. ज्या घरांवर दरड आली त्यांच्या भिंतींवरील तसबिरी घरांबरोबरच गेल्या. अशा गावांचे एखादे जुने चित्र कोणा नातलगाच्या पेटीत सापडले, तर पहिला प्रश्न असतो तो ‘हे कोण?’ त्याचे उत्तर देणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात. रसायनाच्या दृष्टीने ते चित्र डागाळलेले, धूसर, कडा फाटलेले असेल. एल्फिन्स्टनच्या कसोटीस ते उतरणार नाही. पण त्यामागे शाईने चार नावे लिहिलेली असतील तर त्याच्या तोडीचा दुसरा दस्तऐवज नाही.

यावरून विद्यार्थ्याच्या प्रकल्पाची तपासणी कशी करावी, याविषयी प्रस्तुत लेखकाचे मत असे. शंभर गुणांपैकी निदान चाळीस गुण ओळीला असावेत. ओळीत व्यक्तीचे नाव, ते छापण्यास तिने दिलेली संमती, जागेचे स्थानिक नाव, कामाचा तेथील शब्द, आणि तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला हे असावे. संमती नसेल तर नाव गाळावे आणि गाळल्याचे नमूद करावे. त्याचे गुण कापू नयेत. मागचे दृश्य बदललेले किंवा माणसे कापून जोडलेली असल्यास तेही ओळीत सांगावे. आजच्या साधनांनी अशी जोड क्षणात होते, जॉन्सन यांना त्यासाठी परिश्रम करावे लागले एवढाच फरक. उरलेल्या गुणांत उजेड, रचना, चित्रांचा क्रम, जे काय परीक्षकास हवे ते बसवावे.

प्रदर्शनाची पहिली जागा महाविद्यालयाचे सभागृह असू नये. चित्रे प्रथम जेथे काढली त्या वाडीत, शाळेच्या किंवा देवळाच्या ओसरीत, डोळ्यांच्या उंचीवर लावावीत व परीक्षक त्यानंतर यावेत. अजिंठ्याच्या विद्यार्थ्यांना भिंतीसमोर जी कसोटी लाभली, ती या विद्यार्थ्यांना वाडीतील म्हाताऱ्यांसमोर लाभेल. ‘ही आमची चुलती नव्हे, तिची जाऊ’ असे कोणी म्हणाले की ओळ तेथल्या तेथे दुरुस्त व्हावी. म्हणून प्रत्येक चित्राखाली विद्यार्थ्याच्या ओळीनंतर दोन ओळींची जागा कोरी सोडावी व दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवावी. लिहिता न येणाऱ्याचे बोलणे विद्यार्थ्याने त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. मोबाइल चित्राबरोबर तारीख आणि वेळ नोंदवितो, जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवू शकतो. ती माहिती कागदावर उतरवून चित्राच्या पाठीस चिकटवावी, कारण साधन बदलले की ती हरवते. दुरुस्त्यांसह चित्रांचा एक संच गावच्या शाळेत राहावा, दुसरा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात यावा, आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाच्या आरंभीच तो संच वाचावयास द्यावा.