मेगापिक्सेलचा आकडा आला कुठून?

उन्हाळ्याच्या सुटीतील एका शिक्षक-शिबिरात एका बाईंनी आम्हाला विचारले, "शाळेसाठी कॅमेरा घ्यायचा आहे. पालकांनी वर्गणी काढून पैसे जमवलेत. दुकानदार म्हणतो, जास्त मेगापिक्सेलचा घ्या. घेऊ का?" वर्गातले प्रयोग आणि पिकांवरचे किडे त्यांना टिपून ठेवायचे होते. निवड चुकली तर पुन्हा वर्गणी मागता येणार नव्हती.

आम्ही सावध झालो, कारण काही वर्षांपूर्वी याच आकड्याला भुलून आम्ही प्रयोगशाळेसाठी एक छोटा कॅमेरा घेतला होता. उन्हात त्याची चित्रे झकास येत; खोलीत काढलेल्या चित्रांवर मात्र रंगीत वाळू भुरभुरल्यासारखे दिसे. असे का व्हावे? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या साधनाची कल्पना मांडली. त्यांच्या डोळ्यांसमोर होती संगणकाची स्मृती. पण सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते साठवून मोजले तर प्रकाशच मोजला जाईल, हे लवकरच ध्यानात आले. स्लॅब टाकताना मजूर ओळीत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात. तसेच सीसीडीत प्रत्येक घरातले इलेक्ट्रॉन शेजारच्या घरात सरकवत कडेला नेतात आणि तेथे मोजतात. एका घराचे मोजमाप म्हणजे चित्राचा एक ठिपका, अर्थात पिक्सेल. असे दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. या शोधासाठी दोघांना २००९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्ह सॅसन या पंचविशीतल्या अभियंत्याने सीसीडी वापरून पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे ३.६ किलो. चित्र कृष्णधवल, १०० × १०० ठिपक्यांचे, म्हणजे अवघे ०.०१ मेगापिक्सेल. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ साली कोडॅकने वृत्तछायाचित्रकारांसाठी १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा विकायला काढला. त्याचा साठवणीचा संच वेगळा खांद्याला अडकवावा लागे आणि किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. त्या काळी ठिपक्यांची संख्या हीच खरी अडचण होती. म्हणून 'किती मेगापिक्सेल?' हा प्रश्न तेव्हा अगदी योग्य होता.

तो योग्य कधीपर्यंत राहिला? गणित करून पाहू. ८ × १० इंचांचे चित्र दर इंचाला ३०० ठिपके धरून छापायचे तर २४०० × ३००० म्हणजे ७२ लाख ठिपके लागतात. २००३ साली कॅननने ६.३ मेगापिक्सेलचा, भिंग बदलता येणारा कॅमेरा हजार डॉलरच्या आत आणला. म्हणजे हौशी माणसाची गरज तेव्हाच जवळजवळ भागली होती. पण जाहिरातीला आकडा सोपा पडतो. पुढची काही वर्षे छोट्या कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल वाढतच गेले. संवेदकाची चकती मात्र करंगळीच्या नखाएवढीच राहिली.

आमच्या कॅमेऱ्याचा दोष इथेच होता. छोट्या कॅमेऱ्याचा संवेदक साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. भिंग बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचा सुमारे २३.५ × १५.६, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटरचा, जवळजवळ तेरापट. प्रकाश कणाकणांनी येतो आणि मोजलेल्या कणांत त्यांच्या वर्गमुळाएवढी अनिश्चितता असते. एका घरात १०,००० कण जमले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च कण जमले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. ती रंगीत वाळू म्हणजे हाच चढउतार. पाऊस सारखाच पडत असला तरी परातीत जास्त पाणी जमते, वाटीत कमी. त्याच जागेत वाट्यांची संख्या वाढवली, तर प्रत्येक वाटी आणखी लहान होते.

संवेदकाचा आकारही सरळ सांगितला जात नाही. 'एक इंची' संवेदक प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. पायथागोरसचा सिद्धांत वापरून पाहा: कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर येतो; इंच मात्र २५.४ मिलिमीटरचा! हे माप जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील काचेच्या नळीचे आहे. एक इंच जाडीच्या नळीत चित्रासाठी सुमारे १६ मिलिमीटरच कर्ण मिळे. नळ्या गेल्या, पण नाव उरले.

आणि मोबाइल? त्याचाही संवेदक लहानच. पण तो पटापट अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो; म्हणजे कणांची संख्याच वाढवतो. हलणाऱ्या किड्यापुढे ही युक्ती कमी पडते. भरपूर उजेडात मात्र लहान संवेदकाचा एक फायदा आहे: जवळच्या वस्तूचा जास्त भाग स्पष्ट दिसतो.

म्हणून नवशिक्याने दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात. संवेदकाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये किती? भिंग किती उघडते? (येथे आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त, २ चा आकडा ४ च्या चौपट प्रकाश आत घेतो.) उघडझापीचा वेळ आणि भिंगाचे छिद्र हाताने ठरवता येते का? हे तिसरे शाळेसाठी सर्वांत मोलाचे, कारण त्यातूनच मुले प्रकाश शिकतात.

शक्य असल्यास वर्गात एक प्रयोग करा. एकाच वर्तमानपत्राचे चित्र खिडकीशी आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढा आणि मोठे करून पाहा. आधी मेगापिक्सेलचे आकडे फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे मुलांचा अंदाज कुठे चुकला ते त्यांनाच दिसेल.

त्या बाईंनी अखेर वापरलेला, दहा मेगापिक्सेलचा, पण मोठ्या संवेदकाचा कॅमेरा घेतला. उरलेल्या पैशांत एक तिपाई आली. खोलीत काढलेल्या मोहरीच्या रोपांच्या चित्रांचा एक संच त्यांनी आम्हाला पाठवला. त्यात वाळू नव्हती.