राष्ट्राध्यक्ष बदलला, शांतिसेना नकोशी झाली

२९ जुलै १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी राजीव गांधींशी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. पंतप्रधान असतानाच त्यांचा कराराला विरोध होता. त्यात दक्षिणेत जेव्हीपीचे बंड पेटलेले, आणि भारतीय सैन्य हे त्याचे मोठे निमित्त. जूनमध्ये त्यांनी जाहीरपणे बजावले, जुलैअखेर निघा! आपले जवान ज्या एलटीटीईशी लढत होते, तिलाच त्यांनी शस्त्रे दिली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली; सुमारे १,२०० जवान परतले नाहीत. १ मे १९९३ रोजी एलटीटीईनेच प्रेमदासांना मारले. सैनिक म्हणून मी एवढेच म्हणेन, फौज पाठवण्याआधी तिथला पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण असेल, याचाही विचार व्हायला हवा. जय हिंद.