उज्जयिनीची रेषा

स्नेहलतागंजात घड्याळाचे दोन्ही काटे बारावर आले म्हणजे मध्यान्ह झाली, असे कोणी समजू नये. आपली प्रमाणवेळ 82½ अंश पूर्व रेखांशाची. इंदूर त्याच्या पश्चिमेस सुमारे 6⅔ अंश. अंशास चार मिनिटे धरता येथील मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 27 मिनिटांनी होते.

अक्षांश काढणे त्या मानाने सोपे. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांचा शंकू उभा करावा. इंदुरात त्याची छाया पाच अंगुळे भरते. हीच पलभा, आणि तीवरून अक्षांश सुमारे 22¾ अंश येतो. रेखांशाची खूण मात्र आकाशात नाही. तेथे एकाच क्षणी दोन स्थळी किती वाजले, हे कळावे लागते. सूर्यसिद्धान्ताने त्यासाठी चंद्रग्रहण योजले. मध्यरेषेची गणिताने आलेली वेळ आणि आपल्या गावी दिसलेली वेळ, यांच्या अंतरावरून देशांतर निघते.

ही मध्यरेषा लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाते, असे ज्योतिषी मानीत. वस्तुतः कुरुक्षेत्र उज्जयिनीच्या पूर्वेस अंशभर सरकलेले आहे. पण दुर्बीण नसताना एवढे साधले, हे थोडे नव्हे! 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेने शून्य रेखांश ग्रीनिचला दिला, कारण बहुतेक जहाजे तेथूनच मोजलेले नकाशे वापरीत होती.