एकशे बत्तीस म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा दुसरा कप हातात घेतला आणि मावसभावाचा फोन आला. त्याच्या साडेसहा वर्षांच्या लेकीची बुद्धिमापन चाचणी झाली होती. पोरगी वर्गात बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडते आणि वही मात्र अर्धी कोरी. म्हणून बाईंनीच सुचवलं होतं.

"रिपोर्ट आलाय. एकूण १३२. भाषिक १४१. आणि प्रोसेसिंग स्पीड ९८! आता पोरगी हुशार आहे की मंद, ते सांग. तू कॉम्प्युटरवाला ना!"

कॉम्प्युटरवाल्याला बुद्ध्यांक कळतो हा शोध कुणी लावला देव जाणे. :-) पण स्वर काळजीचा होता. त्याने पोरीला जलद लेखनाच्या क्लासला घालायचंही ठरवून टाकलं होतं. म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. आणि शनिवार-रविवार वाचनात घालवला.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये, आल्फ्रेड बिने नावाच्या माणसाच्या घरात. त्याला दोन मुली, मॅडलेन आणि अलीस. त्या चालायला शिकत होत्या तेव्हापासून बाबा वही घेऊन मागे. मॅडलेन आधार बघून जपून पाऊल टाकायची, अलीस हसत हसत खोलीच्या मधोमध निघायची. एकाच घरातल्या दोन मुली, दोघींची डोकी वेगवेगळ्या तऱ्हेने चालतात, हे बिनेने आधी घरी पाहिलं. १८९० मध्ये त्यावर लेख लिहिले, १९०३ मध्ये पुस्तक.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणारी कोणती मुलं खास मदतीची गरज असलेली आहेत, हे कसं ओळखायचं? बिने आणि त्याचा सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० कसोट्या तयार केल्या. १९०८ मध्ये त्या वयानुसार लावल्या आणि त्यातून 'मानसिक वय' ही कल्पना आली. उद्देश एकच, मदत कुणाला हवी ते कळावं. बुद्धी ही जन्माला येताना मिळालेली ठराविक रक्कम आहे, असं म्हणणाऱ्यांवर तो चक्क चिडायचा.

आणि गंमत म्हणजे, बिनेने आयुष्यात कधीही कुणाचा 'आयक्यू' काढला नाही. तो १९११ मध्ये वारला. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती जर्मनीच्या विल्यम स्टर्नची, १९१२ ची. त्याला १०० ने गुणलं स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने, १९१६ मध्ये. वय ६, मानसिक वय ८, म्हणजे १३३. झालं! माणसाला आकडा चिकटला.

याच टर्मनने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून अधिक 'अतिबुद्धिमान' मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्यातली बरीच पुढे छान शिकली. नोबेल मात्र एकालाही नाही. आणि ज्यांची चाचणी होऊनही निवड झाली नाही, त्यांत दोन पोरं होती, विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ. दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. शॉकली म्हणजे ट्रान्झिस्टरवाला. आपली रोजीरोटीच त्याच्यावर चालते राव!

आपल्याकडेही हे लवकर पोचलं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी बिनेची चाचणी बेतली. 'बिने-कामत' हे नाव बालमानसशास्त्राशी संबंध आलेल्यांच्या कानावरून गेलं असेल. १९६२ मध्ये पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तीही बुद्धिमान मुलांना हेरून शिकवायलाच.

आता रिपोर्टाकडे. आजचा आकडा भागाकाराचा नाही. डेव्हिड वेश्लरने १९३९ मध्ये पद्धत बदलली. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करायची, सरासरी १०० धरायची आणि प्रमाण विचलन १५. या हिशोबात १३२ म्हणजे समवयस्क शंभरातल्या साधारण ९८ जणांच्या पुढे. १४१ म्हणजे हजारात दोन-तीन मुलंच त्यावर. आणि ९८? बरोबर मधोमध. मंद वगैरे काही नाही! ज्या पोरीचं डोकं भाषेत इतकं पुढे धावतं तिचा हात मात्र वयाप्रमाणेच चालतो. हुशार मुलांमध्ये अशी तफावत काही विरळा नाही. पण १४१ आणि ९८ यांच्यात ४३ गुणांची दरी असेल, तर एकूण १३२ हा आकडा फारसं काही सांगत नाही. सुटे आकडेच वाचायचे.

शिवाय प्रत्येक आकड्याला चार-पाच गुणांचा तरी मागे-पुढे हिशोब असतो. रिपोर्टात मर्यादा छापलेली असते, आपण तेवढीच वाचत नाही. आणि इतक्या लहान वयातला आकडा काही वर्षांनी बदलू शकतो. झोप, भूक, अनोळखी ताई, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

सोमवारी भावाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, क्लास नको. बाईंना सांग, हिला लिहायला थोडा वेळ जास्त द्या, आणि तोंडी उत्तरं घ्या. मागे एक लहानसा 'हं' ऐकू आला. पोरगी ऐकत होती. फोन तिच्या हातात गेला.

"काका, त्या ताईंनी ठोकळे का काढून घेतले? माझी नक्षी होतच आली होती."

तिला म्हटलं, त्या खेळाला घड्याळ लावलेलं असतं ना. ती म्हणाली, "मग घड्याळ संपल्यावर पुन्हा द्यायचे ना!"

मला उत्तर सुचलं नाही. भावाला एवढंच सांगितलं, येताना ठोकळ्यांचा एक डबा घेऊन ये. आणि घड्याळ लावू नकोस.