काउंटर तोच, पावती वेगळी: स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंडाची गोष्ट



आपलं द पर्ल म्हणजे समुद्रात भराव घालून उभी केलेली जमीन. मुंबईहून आलेल्या माणसाला त्याचं फार नवल वाटत नाही. कफ परेड आणि नरिमन पॉइंटही भरावावरच उभे आहेत. आजची गोष्ट त्याच भागातून वाढलेल्या एका कारभाराची आहे, पण सुरुवात जरा मागून करू.

१८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा शेअरमध्ये गेला. बॅक बेत भराव घालायला निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात पोचला. १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळंच कोसळलं. शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जं देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये बुडाली. त्याच वर्षी जवळपास त्याच नावाने नवी बँक निघाली. १९२१मध्ये ती बंगाल आणि मद्रासच्या बँकांबरोबर इम्पीरियल बँकेत गेली आणि १ जुलै १९५५ला इम्पीरियलची स्टेट बँक झाली. म्हणजे आपल्या आजोबांनी जिच्या पासबुकावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तिच्या एका पूर्वज बँकेला शेअर बाजारानेच बुडवलं होतं.

मध्यमवर्गीय घरात शेअर म्हणजे सट्टा ही समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली. बाजाराकडे जायचा एकच सभ्य रस्ता होता, तो युनिट ट्रस्टचा. १९६४ साली आलेली त्यांची 'यूएस-६४' ही योजना कितीतरी घरांत नुसती 'युनिटं' म्हणून ओळखली जायची. तेवीस वर्षं या क्षेत्रात युनिट ट्रस्ट एकटाच होता. मग घराघरांतली बचत भांडवल बाजाराकडे वळवण्यासाठी सरकारने सार्वजनिक बँकांना दार उघडलं आणि जून १९८७मध्ये स्टेट बँकेने पहिलं पाऊल टाकलं. योजनांना नाव दिलं 'मॅग्नम'. त्याच वर्षअखेर कॅनरा बँकही उतरली.

इथे एक फरक नीट सांगायला हवा. ठेव ठेवली की बँक तुमची देणेकरी होते, मुद्दल आणि व्याज देणं तिच्यावर बंधनकारक असतं. युनिट घेतलं की तुम्ही एका सामाईक गाठोड्याचे भागीदार होता. गाठोडं वाढलं तर तुमचं, घटलं तरी तुमचंच. बँक फक्त प्रायोजक. कारभार वेगळी कंपनी बघते आणि तिच्यावर विश्वस्तांची नजर असते. स्टेट बँकेनेही १९९२मध्ये त्यासाठी 'एसबीआय फंड्स मॅनेजमेंट' ही स्वतंत्र कंपनी काढली. कागदावर हे लखलखीत आहे. काउंटरवर मात्र तसं राहत नाही, कारण काउंटर तोच असतो, ओळखीचे साहेबही तेच आणि भिंतीवरचं बोधचिन्हही तेच.

सुरुवातीच्या काळात तर फंडांनीच ही रेषा पुसट केली होती. खात्रीच्या परताव्याच्या योजना सर्रास निघत, आणि बाजार उलटल्यावर दिलेला शब्द पाळायला काही प्रायोजक बँकांना पदरचे पैसे घालावे लागले. सगळ्यात मोठा धक्का २ जुलै २००१ला बसला. युनिट ट्रस्टने यूएस-६४ची खरेदी-विक्रीच थांबवली. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली युनिटं अडकल्याचं तुमच्यापैकी काहींच्या घरीही घडलं असेल. अखेर सरकारला मदतीला यावं लागलं. २००३मध्ये युनिट ट्रस्टची दोन शकलं झाली, आणि त्यातल्या नव्या म्युच्युअल फंडाच्या चार प्रायोजकांपैकी एक पुन्हा स्टेट बँकच.

माझ्या मते स्टेट बँकेच्या स्वतःच्या फंडाची खरी वाढ इथून पुढची. २००४मध्ये फ्रान्सच्या सोसिएते जनरालने ३७ टक्के हिस्सा घेतला. तिथल्या विलीनीकरणानंतर तो आमुंदीकडे गेला. २०१५ साली भविष्य निर्वाह निधीचा पैसा पहिल्यांदा शेअर बाजारात उतरला, तोही याच फंडाच्या ईटीएफमधून. कारखान्यातल्या ज्या कामगाराने जन्मात शेअर घेतला नव्हता, त्याच्या नावाचे चार पैसे निफ्टीत गेले. १ एप्रिल २०१७ला सहयोगी बँका मुख्य बँकेत विलीन झाल्या. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना आपली 'हैदराबाद बँक' आठवत असेल, तीही त्यातच. २०२०च्या सुरुवातीला हा फंड देशात पहिल्या क्रमांकावर आला आणि २०२४मध्ये त्याच्याकडचा पैसा १० लाख कोटी रुपयांपुढे गेला. फंड चालवण्याची हुशारी यात आहेच, पण बावीस हजारांवर शाखा आणि त्या नावावरचा लोकांचा भरवसा कुठल्या प्रतिस्पर्ध्याकडे होता?

या नावाचं वजन न्यायालयानेही मानलं असावं. एप्रिल २०२०मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना एकाएकी बंद केल्या आणि सुमारे २५,००० कोटी रुपये अडकले. गुंतवणूकदारांना पैसे परत वाटण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिलं ते एसबीआय फंड्स मॅनेजमेंटकडे.

हे सगळं मी शोधत बसलो त्याला कारण माझे वडील. गावातल्या एका बँकेत (कुठल्या, ते सोडा) त्यांनी निवृत्तीच्या पैशातून काही रक्कम 'ठेवली' होती. मार्च २०२०मध्ये सेन्सेक्स दोन महिन्यांत ४२,०००वरून २६,०००च्या खाली आला, तेव्हा त्यांचा फोन आला, "अरे, माझी एफडी कमी कशी झाली?" व्हिडिओ कॉलवर त्यांनी कागद धरला. ते फंडाचं स्टेटमेंट होतं, एफडीच्या पावत्यांच्याच पिशवीत जपून ठेवलेलं. ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, युनिटांना नसतो, हे सांगताना माझीच जीभ अडखळत होती. त्यांना कोणी खोटं सांगितलं होतं असं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं आणि समोरच्याने होऊन समजावलं नव्हतं.

पैसे त्यांनी काढले नाहीत, आणि पुढे ते भरूनही निघाले. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा कपाटात दोन पिशव्या होत्या. एकीवर त्यांच्या अक्षरात 'बँक' लिहिलं होतं, दुसरीवर 'बाजार'.