गाणाऱ्या हॉलिवूडची पहिली दहा वर्षे

हॉलिवूडचा जुना संगीतपट म्हटला की आपल्याकडे 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) आठवतो किंवा जाणकारांना 'सिंगिंग इन द रेन' (१९५२). मूकपटाचा बोलपट होताना उडालेल्या तारांबळीची या दुसऱ्या चित्रपटात मनमुराद थट्टा आहे. त्याचे शीर्षकगीत मात्र त्याच तारांबळीच्या काळातले. ते पडद्यावर प्रथम आले 'द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९'मध्ये. त्या मूळ काळातील चित्रपट आज फारसे पाहिले जात नाहीत. त्यांची कथा बेताची आणि अभिनय रंगभूमीच्या वळणाचा असतो, हे खरेच. परंतु मायक्रोफोनला जखडलेले गाणे अवघ्या सहा-सात वर्षांत कसे मोकळे झाले, हे पाहण्याच्या दृष्टीने बसले तर हेच चित्रपट विलक्षण रंजक ठरतात.

तबकडीवरचा आवाज

वॉर्नर ब्रदर्सचा 'द जॅझ सिंगर' ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. तो पूर्ण बोलपट नव्हता. बहुतांश कथा मूकपटाप्रमाणे लिखित पाट्यांवर चालते आणि अल जोल्सन गाऊ लागला की पडद्याला कंठ फुटतो. 'व्हिटाफोन' पद्धतीत ध्वनी फिल्मवर नसून १६ इंची तबकडीवर असे. एका तबकडीवर सुमारे ११ मिनिटांचे, म्हणजे एका रिळाचे ध्वनिमुद्रण मावे. सुई उडाली किंवा फिल्मचा तुकडा गळला की ओठ आणि आवाज यांची फारकत होई.

चित्रीकरणातील अडचणी याहून मोठ्या होत्या. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन या दोघांनाही ध्वनिरोधक खोक्यात कोंडले जाई. वाद्यवृंद सेटवरच, पण चौकटीबाहेर बसून वाजवी. मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत मुक्तपणे विहरणारा कॅमेरा अशा रीतीने अचानक जागच्या जागी खिळला. १९२९ मधील अनेक संगीतपट नाट्यगृहातील खुर्चीतून पाहिल्यासारखे वाटतात, त्याचे कारण हेच.

प्लेबॅकचा उगम

'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) हा एमजीएमचा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा पहिला बोलपट. त्यातील एक नृत्यगीत निर्माते आयर्व्हिंग थालबर्ग यांच्या पसंतीस उतरले नाही आणि ते पुन्हा चित्रित करायचे ठरले. ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांनी सुचवले, की ध्वनिमुद्रण उत्तम झालेले आहे. तेच ध्वनिक्षेपकावर वाजवावे आणि नर्तकांनी त्यावर नाचावे. खर्च वाचवण्यासाठी काढलेली ही तोड पुढे संगीतपटाचा कणा झाली. गाणे आधी मुद्रित झाले की सेटवर शांततेची गरज उरत नाही आणि कॅमेरा खोक्याबाहेर येतो. तेथे पूर्वमुद्रित आवाज सहसा त्याच कलावंताचा असे. गायक एक आणि पडद्यावरचा चेहरा दुसरा, ही आपल्याकडील पार्श्वगायनाची रीत १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्समधून रूढ होऊ लागली.

या दोन चित्रसृष्टींत एक थेट धागाही आहे. युनिव्हर्सलचा 'शो बोट' (१९२९) पाहून अर्देशीर इराणी यांना बोलपटाची प्रेरणा मिळाली आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला.

अतिरेक आणि ओहोटी

१९२९-३० मध्ये हॉलिवूडने संगीतपटांचा इतका रतीब घातला, की प्रेक्षक विटले. त्यातच आर्थिक महामंदी आली. 'हा संगीतपट नाही' अशी जाहिरात चित्रपटगृहे करू लागली, तर काही तयार चित्रपटांतील गाणी कापून टाकण्यात आली. या पडत्या काळातही दोन दिग्दर्शकांनी नवी वाट शोधली. अर्न्स्ट लुबिच यांनी 'द लव्ह परेड'मध्ये (१९२९) गाण्याला कथेत मिसळले. रूबेन मामूलियन यांच्या 'लव्ह मी टुनाइट'मध्ये (१९३२) पॅरिसमधील शिंप्याच्या दुकानात सुरू झालेली धून गिऱ्हाईक, टॅक्सी, आगगाडीतील सैनिक, जिप्सींचा तळ असा प्रवास करत दूरच्या महालातील राजकन्येपर्यंत पोहोचते. नायक-नायिका भेटण्यापूर्वीच गाण्याने त्यांना जोडलेले असते.

दोन घराणी

१९३३ मध्ये 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'ने संगीतपटाला पुन्हा बरकत आणली. त्याचे नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली यांनी पहिल्या महायुद्धात लष्करी कवायती बसवल्या होत्या. त्यांच्या गीतांत एकेका नर्तकीपेक्षा शेकडो पावलांनी साधलेली आकृती महत्त्वाची असते. कॅमेरा छतावरून खाली पाहतो आणि पडदा शोभादर्शक होतो. 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'च्या आरंभी नाण्यांनी मढलेल्या तरुणी संपत्तीचे गाणे गातात आणि देणेकरी तालीमच बंद पाडतात. अखेरीस 'रिमेंबर माय फरगॉटन मॅन' हे गीत येते. युद्धातून परतलेले जवान अन्नछत्राच्या रांगेत उभे दिसतात. हक्काचा भत्ता मागणाऱ्या माजी सैनिकांना वॉशिंग्टनमधून लष्कराने हुसकावले होते, ते आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये. निव्वळ पलायनवादी म्हणून हिणवलेल्या या प्रकाराचे हे सर्वांत धारदार उत्तर होय.

दुसरे घराणे फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचे. 'फ्लाइंग डाउन टू रिओ'पासून (१९३३) त्यांनी एकत्र दहा चित्रपट केले. नर्तक नखशिखान्त दिसला पाहिजे आणि मध्ये कात्री शक्यतो चालू नये, हा अस्टेअर यांचा आग्रह. बर्कलींकडे कॅमेरा नाचतो, अस्टेअरकडे माणूस. 'टॉप हॅट' (१९३५) आणि 'स्विंग टाइम' (१९३६) यांतील युगुलनृत्ये पाहताना दोघांतील रुसवा, ओढ आणि होकार संवादाविना कळतो.

डोळसपणे पाहताना

या चित्रपटांत खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. जोल्सन चेहऱ्याला काळे फासून गातो. 'स्विंग टाइम'मध्ये अस्टेअरही तसा अवतार घेतो. कृष्णवर्णीयांची अशी नक्कल तेव्हा सर्रास मनोरंजन मानली जाई. दुसरीकडे किंग व्हिडर यांचा 'हॅलेलुया' (१९२९) कृष्णवर्णीय कलावंतांनाच घेऊन केलेला होता. हा इतिहास झाकून आस्वाद पुरा होत नाही.

प्रारंभ कुठून?

कालक्रमाने जाऊ नये. आधी 'टॉप हॅट', मग 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३', त्यानंतर 'लव्ह मी टुनाइट' आणि शेवटी 'द ब्रॉडवे मेलडी' पाहावा. या शेवटच्या चित्रपटाचे अमेरिकेतील स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२५ रोजी संपले आहेत. या उलट क्रमाने गेल्यास पहिल्या दोन चित्रपटांतील सहजतेसाठी किती खटपट करावी लागली, हे उमगते. कथेत मध्येच गाणे का, हा प्रश्न हिंदी-मराठी चित्रपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला पडत नाही. या संगीतपटांच्या आस्वादासाठी तीच त्याची मोठी शिदोरी आहे.